ओपन सोर्समधील वादांची बातमी: परवाना, कोड आणि तारखा कशा तपासाव्यात

महापालिकेच्या निविदेचा वाद असो किंवा जमिनीच्या व्यवहाराचा, बातमीदाराचा अर्धा वेळ मूळ कागद मिळवण्यात जातो. ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधील वादांत ही अडचण सहसा येत नाही. ज्या कोडवरून भांडण चालले आहे तो कोड, त्याचा परवाना, तो परवाना कोणत्या दिवशी कोणी बदलला याची नोंद आणि त्याआधी झालेली चर्चा हे सारे बहुतेक वेळा कोणालाही पाहता येते. म्हणूनच या क्षेत्रात ‘कंपनीने आरोप केला, विरोधकांनी तो फेटाळला’ एवढ्यावर बातमी थांबवणे हे तटस्थपणाचे लक्षण मानता येत नाही. जे तपासता येते ते न तपासता छापणे हा निष्काळजीपणाच ठरतो. पुढील मार्गदर्शन तंत्रज्ञानाविषयी मराठीत लिहिणाऱ्या, पण वकील किंवा पट्टीचे प्रोग्रामर नसलेल्या बातमीदारांसाठी आहे.

वादाचा प्रकार आधी ठरवावा

‘परवान्याचा वाद’ म्हणून जे समोर येते त्यात निदान चार निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: परवान्याच्या अटींचा भंग, मालकाने परवानाच बदलणे, नावाचा म्हणजे ट्रेडमार्कचा झगडा, आणि प्रकल्प कोणी व कसा चालवावा यावरचा मतभेद. यांतील प्रत्येकाला लागू होणारा कायदा वेगळा, नुकसान वेगळे आणि विचारायचे प्रश्नही वेगळे असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसमागील ऑटोमॅटिक ही कंपनी आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जे भांडण उघडपणे सुरू झाले, ते वरवर पाहता परवान्याचे वाटते. प्रत्यक्षात वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली आहे आणि ते वापरण्याची, बदलण्याची व त्यावर पैसे कमावण्याची मुभा तो परवाना डब्ल्यूपी इंजिनला देतोच. वाद होता तो वर्डप्रेसच्या नावाच्या वापराबद्दल, त्यासाठी मागितलेल्या उत्पन्नाच्या ८ टक्के हिश्श्याबद्दल आणि पुढे वर्डप्रेसच्या सर्व्हरवरील प्रवेश रोखण्याबद्दल. डब्ल्यूपी इंजिनने ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयात दावा लावला आणि १० डिसेंबरला अंतरिम मनाई हुकूम मिळवला. अशा बातमीत ‘जीपीएलचा भंग’ हे शब्द चुकूनही आले, तर संपूर्ण बातमीचा पाया सरकतो.

परवाना बदलण्याच्या बातमीत सर्वांत जास्त गफलत होते, कारण वाचकाला लगेच वाटते की आपण वापरत असलेले सॉफ्टवेअर उद्यापासून बेकायदा झाले. रेडिस या डेटाबेसचे उदाहरण घ्यावे. २० मार्च २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की आवृत्ती ७.४ पासून बीएसडी हा अगदी मोकळा परवाना राहणार नाही. त्याऐवजी रेडिसचा स्वतःचा आरएसएएल किंवा मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीने आणलेला एसएसपीएल या दोहोंपैकी एक परवाना वापरकर्त्याने निवडायचा. मात्र आवृत्ती ७.२.४ पर्यंतचा कोड ज्या परवान्याखाली दिला गेला होता, त्याच परवान्याखाली तो पुढेही राहिला. एकदा दिलेला बीएसडी परवाना मागे घेता येत नाही, आणि म्हणूनच लिनक्स फाउंडेशनला आठवडाभरातच त्या जुन्या कोडवरून व्हॅल्की हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प, जाहीर करता आला. शिवाय नव्या अटींचा रोख रेडिस ही सेवा म्हणून इतरांना विकणाऱ्या क्लाउड कंपन्यांवर होता. पुण्यातली एखादी कंपनी स्वतःच्या संकेतस्थळामागे रेडिस चालवत असेल, तर तिला त्या दिवशी काही खरेदी करावे लागणार नव्हते. म्हणून परवाना बदलाच्या प्रत्येक बातमीत तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात: कोणत्या आवृत्तीपासून बदल, कोणत्या वापरावर बंधन, आणि जुन्या आवृत्तीचे काय.

परवाना बदलण्याचा अधिकार मालकाला मिळाला कुठून, हा प्रश्नही विचारावा. काही प्रकल्प कोड स्वीकारण्यापूर्वी योगदानकर्त्याकडून करार लिहून घेतात आणि त्यामुळे कंपनीला पुढे परवाना बदलता येतो. काही परवाने इतके मोकळे असतात की नवा कोड वेगळ्या अटींवर देण्यास वेगळी परवानगी लागत नाही. याउलट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हजारो जणांचा कॉपीराइट वाटला गेलेला असल्याने त्याचा परवाना बदलायचा कोणी म्हटले तरी ते व्यवहारात जमण्यासारखे नाही. हा करार प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच बहुधा सापडतो आणि तो वाचायला दहा मिनिटे पुरतात.

परवान्याचा मजकूर स्वतः वाचावा

कंपनीच्या निवेदनात परवान्याचे जे वर्णन असते ते वर्णन असते, परवाना नव्हे. एखादे सॉफ्टवेअर ‘ओपन सोर्स’ आहे की नाही यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेची दहा मुद्द्यांची व्याख्या सर्वसाधारणपणे प्रमाण मानली जाते, आणि तिच्यातील सहावा मुद्दा सांगतो की वापराच्या कोणत्याही क्षेत्राविरुद्ध परवान्याने भेदभाव करू नये. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलेला एसएसपीएल परवाना कंपनीने या संस्थेच्या मंजुरीसाठी पाठवला, पण मार्च २०१९ मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक या शोधप्रणाली बनवणाऱ्या कंपनीनेही हाच परवाना स्वीकारला, तेव्हा हा ओपन सोर्स परवाना नाही असे संस्थेने जाहीरपणे सांगितले. हॅशिकॉर्प या कंपनीने १० ऑगस्ट २०२३ रोजी टेराफॉर्म या क्लाउडमधील यंत्रणा कोडने उभारण्याच्या साधनासाठी निवडलेला बिझनेस सोर्स परवानाही या व्याख्येत बसत नाही, कारण तो कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या वापराला मनाई करतो. चार वर्षांनंतर मात्र त्या त्या आवृत्तीचा कोड एमपीएल या आधीच्या ओपन सोर्स परवान्याखाली येतो. अशा सॉफ्टवेअरचा कोड वाचता येतो, बऱ्याच कामांसाठी वापरताही येतो, पण त्याला ओपन सोर्स म्हणणे हे एका पक्षाचे म्हणणे आपल्या तोंडून वदवून घेण्यासारखे आहे. त्यासाठी ‘सोर्स अव्हेलेबल’ हा रूढ शब्द वापरावा आणि पहिल्याच उल्लेखाच्या वेळी एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.

मजकूर वाचला की टोकाची विधाने दोन्ही बाजूंनी गळून पडतात. २१ जून २०२३ रोजी रेड हॅटने आपल्या एंटरप्राइज लिनक्सचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणे थांबवले आणि त्याची पुढची आवृत्ती जिथे आधी घडते तो सेंटॉस स्ट्रीम हा प्रकल्प हाच खुला मार्ग ठेवला, तेव्हा ‘रेड हॅटने जीपीएल मोडला’ असा गलका झाला. जीपीएलची अट अशी आहे की ज्याला तुम्ही चालवण्याजोगे सॉफ्टवेअर दिले, त्याला सोर्स कोड दिला पाहिजे. संपूर्ण जगाला द्यावा असे त्यात म्हटलेले नाही, आणि रेड हॅटच्या ग्राहकांना कोड मिळतच होता. पण बातमी इथे संपत नाही. ग्राहकाने तो कोड पुढे वाटला तर सदस्यत्व रद्द करण्याची मुभा कंपनी आपल्या करारात राखते, आणि परवान्याने दिलेला हक्क वापरल्याबद्दल ग्राहकाला अशी किंमत मोजायला लावणे जीपीएलला धरून आहे का, यावर जाणकारांत खरोखरच दुमत आहे. वादाचा हा नेमका सांधा वाचकाला दाखवणे हेच बातमीदाराचे काम आहे.

वाचनाचा सराव घरच्या उदाहरणावर करता येतो. मुंबईच्या फ्राप्पे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब व कामकाज सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, तर ते ज्या पायावर उभे आहे ते फ्राप्पे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली आहे. दोन्हींच्या परवान्यांच्या फायली शेजारी शेजारी उघडून ठेवाव्यात आणि एखाद्या कंपनीने यातले एक बदलून ग्राहकाला विकले तर तिच्यावर कोणती जबाबदारी येते, हे आपल्या शब्दांत लिहून पाहावे. हे जमले की निम्मी वाट सरली.

कोड चोरल्याचा आरोप: छापण्यापूर्वी काय करावे

हा भाग सर्वांत नाजूक आहे. ‘कोड चोरला’ हा आरोप माणसाच्या सचोटीवर असतो, तो ज्यांच्यावर होतो ते पुष्कळदा सुट्टीच्या वेळात काम करणारे स्वयंसेवक असतात, आणि आरोप करणाऱ्याकडे वकील व जनसंपर्क विभाग असतो.

३ एप्रिल २०२४ ची तारीख असलेली वकिली नोटीस हॅशिकॉर्पने ओपनटोफू या टेराफॉर्मच्या फोर्कला पाठवली. टेराफॉर्ममध्ये नव्या परवान्याखाली आलेली ‘रिमूव्ह्ड ब्लॉक’ ही सोय ओपनटोफूने नकलून आपल्या कोडमध्ये जुन्या एमपीएल परवान्याखाली घातली, असा तिचा आशय होता. त्याच सुमारास एका तंत्रज्ञानविषयक प्रकाशनातील मतलेखाने हाच आरोप वाचकांपुढे मांडला. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या तर साम्य डोळ्यांत भरत होते, हे खरेच होते. ११ एप्रिलला ओपनटोफूने ओळीओळीचा हिशोब जाहीर केला: ही सोय ‘मूव्ह्ड ब्लॉक’ या जुन्या सोयीच्या कोडवरून तयार केलेली आहे, तो जुना कोड परवाना बदलण्यापूर्वीचा म्हणजे एमपीएलखालचा आहे, आणि दोन्ही प्रकल्पांनी एकाच पूर्वजावरून काम केल्यामुळे दोन्हींत साम्य आहे. हा जुना कोड सर्वांसाठी खुला होता. नोटीस हाती आल्यावर ज्या कोणी परवाना बदलण्यापूर्वीच्या आवृत्तीत डोकावून पाहिले असते, त्याला तिसरी फाइलही दिसली असती.

म्हणून साम्य दिसले की दोन फायलींवर थांबू नये, दोन्हींचा पूर्वज शोधावा. त्यासाठी दोन्ही प्रकल्पांचे संपूर्ण भांडार, इतिहासासह, आपल्या संगणकावर उतरवून घ्यावे; परवाना बदलण्याच्या दिवसाआधीची शेवटची आवृत्ती काढावी; आणि वादातील मजकुरापैकी एखादे वैशिष्ट्यपूर्ण वाक्य किंवा फंक्शनचे नाव पहिल्यांदा कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या कोणत्या नोंदीत, आले हे गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या इतिहासात शोधावे. ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी व केव्हा बदलली हे दाखवते. पण कोड एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये हलवला किंवा नुसती मांडणी सुधारली तरी तिथे नवे नाव दिसू शकते, त्यामुळे तेवढ्यावर कोणालाही लेखक ठरवू नये. कमिटवरील तारीखही लिहिणाऱ्याच्या संगणकाने टाकलेली असते आणि ती बदलता येते. ती जाहीर झालेल्या आवृत्तीच्या तारखेशी किंवा मेलिंग लिस्टच्या, म्हणजे प्रकल्पाच्या सामूहिक ईमेल चर्चेच्या, संग्रहाशी जुळवून घ्यावी.

साम्याचे वजन सारखे नसते. दोन प्रोग्राम एकाच बाह्य प्रणालीशी बोलत असतील तर फंक्शनांची नावे आणि त्यांचा क्रम सारखा असणे अपरिहार्य असते. टिप्पण्यांमधील शब्द, शुद्धलेखनाच्या चुका, विनाकारण ठेवलेला एखादा न वापरलेला चल (व्हेरिएबल) हे सारखे निघाले, तर मात्र नकलेचा संशय बळावतो. हे ठरवण्यासाठी दोन्ही पक्षांशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरला दोन्ही तुकडे दाखवावेत, आणि शक्य तर कोणता तुकडा कोणाचा हे त्याला आधी सांगू नये.

या कामाचा धडा वीस वर्षांपूर्वीच घालून दिलेला आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुपने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समध्ये युनिक्स या जुन्या संचालन प्रणालीचा कोड घुसवल्याचा प्रचार सुरू केला. ऑगस्टमध्ये लास वेगासमधील आपल्या परिषदेत कंपनीने पुरावा म्हणून पडद्यावर कोडचे तुकडे दाखवले. ते कोणाला ओळखता येऊ नयेत म्हणून त्यातील काही भाग ग्रीक अक्षरांच्या फॉन्टमध्ये बदललेला होता. उपस्थितांपैकी कोणी तरी छायाचित्रे घेतली, ती एका जर्मन प्रकाशनाने छापली, आणि फॉन्ट उलटवून वाचायला जाणकारांना वेळ लागला नाही. एक तुकडा स्मृतीची जागा वाटून देणारा १९७० च्या दशकातला युनिक्स कोड होता. तो लिनक्सच्या एका भागात आला होता हे खरे. पण जानेवारी २००२ मध्ये, म्हणजे कंपनीचे नाव कॅल्डेरा असताना, तिने स्वतःच जुने युनिक्स बीएसडी धाटणीच्या परवान्याखाली खुले केले होते. दुसरा तुकडा बर्कली पॅकेट फिल्टर या नेटवर्कवरील माहिती गाळणाऱ्या प्रोग्रामचा निघाला, जो मुळात एससीओचा नव्हताच. त्याच वर्षी मे महिन्यात पामेला जोन्स यांनी सुरू केलेल्या ग्रोकलॉ या संकेतस्थळाने या खटल्यातील न्यायालयीन कागद मिळवून, ते जसेच्या तसे मांडून, वाचकांतील जुन्या जाणत्या प्रोग्रामरांकडून तपासून घेण्याची पद्धत रूढ केली. २०१० मध्ये ज्यूरीने युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नसून नॉव्हेल या कंपनीकडेच असल्याचा निर्णय दिला. लिनक्समध्ये प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड ऑफ बाय’ ही ओळ लिहिण्याची २००४ पासूनची प्रथा याच वादातून आली, आणि आज कोडच्या उगमाचा माग काढताना ती ओळ बातमीदाराच्याही कामाची असते.

तांत्रिक वादांतील एकच वाक्य उचलू नये

तांत्रिक मतभेद मेलिंग लिस्टवर भर चौकात होतात आणि तिथली भाषा तिखट असते, त्यामुळे एखादे वाक्य उचलून मथळा करण्याचा मोह होतो. जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या वापरावरून झालेल्या चर्चेत कर्नलच्या एका विभागाचे मेंटेनर, म्हणजे तिथला कोड सांभाळणारे, क्रिस्टोफ हेलविग यांनी ‘कॅन्सर’ हा शब्द वापरला आणि ‘रस्ट म्हणजे कॅन्सर’ अशा अर्थाने तो सगळीकडे पसरला. त्याच पत्रात, लगेच पुढच्या कंसात, आपण हे रस्टला म्हणत नसून दोन भाषांत विभागलेल्या कोडला म्हणत आहोत असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. त्यांची भूमिका पटो वा न पटो, तो कंस गाळणे अप्रामाणिक होते. दुसरीकडे, प्रस्तावित कोड त्यांच्या विभागाच्या फोल्डरमध्ये नसून रस्टसाठी राखलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये होता, हा समर्थकांचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा होता आणि तो पॅच, म्हणजे प्रस्तावित बदल, उघडला तरच कळत होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फेब्रुवारीत दिलेल्या उत्तराचा भर नेमका यावरच होता: ज्यांना रस्टशी संबंध नको त्यांनी तो ठेवू नये, पण त्यांच्या कोडचा वापर रस्टने कसा करावा यावर त्यांना नकाराधिकार नाही.

म्हणून कोणतेही पत्र उद्धृत करण्यापूर्वी त्या साखळीतले पहिले पत्र, मूळ पॅच आणि निदान दोन उत्तरे वाचावीत. निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला आहे हेही पाहावे, कारण प्रकल्पागणिक तो बदलतो. डेबियन या लिनक्सवर आधारित प्रणालीत सिस्टिमडी हा संगणक सुरू होताना इतर सेवा चालवणारा प्रोग्राम स्वीकारण्याचा प्रश्न फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मते समसमान पडल्याने अध्यक्षांच्या निर्णायक मताने सुटला. कर्नलमध्ये मतदान नसते, तिथे त्या त्या विभागाच्या मेंटेनरचा आणि शेवटी टोरवाल्ड्स यांचा शब्द चालतो. एका योगदानकर्त्याचे मत ‘लिनक्सचा निर्णय’ म्हणून छापले जाते ते हा फरक न पाहिल्यामुळे.

कोणत्या देशाचा कायदा?

अमेरिकी निकालांची भाषा भारतीय वाचकापर्यंत जशीच्या तशी नेऊ नये. जेकबसन विरुद्ध कॅटझर या २००८ च्या निकालाने ओपन सोर्स परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो हे अमेरिकेत मान्य झाले. गुगल विरुद्ध ओरॅकल प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सुमारे ११,५०० ओळींचा वापर ‘फेअर यूज’ ठरवला. आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत गणतो, आणि त्याच्या कलम ५२ मधील ‘फेअर डीलिंग’ची सर्वसाधारण सवलत संगणक प्रोग्राम स्पष्ट शब्दांत वगळते, प्रोग्रामसाठी सुरक्षित प्रत ठेवणे, दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती काढणे अशा ठरावीक सवलती त्याच कलमात वेगळ्या दिलेल्या आहेत. तेव्हा गुगल जिंकले म्हणून इथेही असा वापर चालेल, असे सुचवणारे वाक्य वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नये.

प्रतिक्रिया आणि नंतरचा पाठपुरावा

प्रतिक्रिया मागताना नेमका आरोप, फाइलचे नाव आणि कमिटचा दुवा पाठवावा. ‘आपले काय म्हणणे आहे?’ एवढाच प्रश्न विचारला तर गुळमुळीत उत्तर येते. मेंटेनर स्वयंसेवक असेल आणि दुसऱ्या खंडात राहत असेल, तर दोन तासांची मुदत म्हणजे मुदतच नव्हे. बोलणारा कोणाच्या पगारावर आहे हे विचारून छापावे, आणि आपले प्रकाशन वादातील कंपनीच्या जाहिराती घेत असेल तर तेही छापावे. निर्णय ज्यांनी घेतला त्यांची नावे द्यावीत. वादात एखादे पत्र लिहिलेल्या नवख्या माणसाचे नाव देऊन त्याच्यावर अनोळखी लोकांची झुंड सोडू नये. परवान्याचे पान, निवेदन आणि नोटीस यांच्या प्रती त्याच दिवशी इंटरनेट संग्रहात जतन करून ठेवाव्यात, कारण कंपन्या निवेदने मागाहून बदलतात आणि तेव्हा आपल्या हाती पुरावा उरत नाही.

हे वाद संथपणे संपतात आणि शेवटाकडे कोणाचे लक्ष नसते. एससीओ प्रकरणातील तडजोड २०२१ मध्ये, दावा लागल्यावर अठरा वर्षांनी, १ कोटी ४२.५ लाख डॉलरवर झाली. इलॅस्टिकने ऑगस्ट २०२४ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स परवान्याचा पर्याय दिला आणि मे २०२५ मध्ये रेडिसनेही आवृत्ती ८ साठी तेच केले, त्यामुळे ‘रेडिस आता ओपन सोर्स राहिले नाही’ ही मार्च २०२४ ची बरोबर असलेली बातमी आज वाचणाऱ्याला चुकीचे सांगते. अशा जुन्या बातमीच्या माथ्यावर तारखेसह एक ओळ घालावी, तिथून नव्या बातमीचा दुवा द्यावा आणि मूळ मजकुराला हात लावू नये.